संरक्षण दलप्रमुखांना उघड प्रश्न विचारा : नायजेरियाच्या संसदेला खुले पत्र

प्रति,
सिनेटचे 109 आणि प्रतिनिधिगृहाचे 360 सन्माननीय सदस्य,
नायजेरियाची राष्ट्रीय संसद, अबुजा

सन्माननीय सदस्यहो,

24 ऑक्टोबर 2025 रोजी तुमचे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी जनरल ख्रिस्तोफर मूसा यांना संरक्षण दलप्रमुखपदावरून दूर केले आणि तोपर्यंत लष्करप्रमुख असलेल्या जनरल ओलुफेमी ओलुयेदे यांची त्या जागी नेमणूक केली. लष्कर, नौदल आणि हवाई दल यांचे प्रमुखही त्याच दिवशी बदलले. देशाची सुरक्षा बळकट करण्यासाठी हे केले, यापलीकडे लोकांना काही सांगण्यात आले नाही. तुम्ही काही दिवसांतच नव्या नेमणुकांना मान्यता दिलीत.

या बदलाला महिनाही झाला नव्हता. 17 नोव्हेंबरच्या पहाटे केब्बी राज्यातल्या मागा गावी मुलींच्या सरकारी निवासी शाळेत बंदूकधारी घुसले. त्यांनी उपमुख्याध्यापकांना गोळ्या घातल्या आणि 25 मुलींना पळवून नेले. चार दिवसांनी नायजर राज्यात पापिरीच्या सेंट मेरीज शाळेतून 300 हून अधिक मुले आणि 12 शिक्षक नेले गेले. 1 डिसेंबरला संरक्षणमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी नाव आले ते जनरल मूसा यांचे. ज्यांना ऑक्टोबरात दलप्रमुखपदावरून काढले, तेच डिसेंबरात मंत्री झाले आणि तुम्ही त्यालाही मान्यता दिलीत. ते कमी पडले म्हणून काढले असेल, तर मंत्री का केले? कमी पडले नसतील, तर काढले का? हा प्रश्न तुमच्या सभागृहात कोणीतरी उभे राहून, सगळ्या देशाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायला हवा होता.

परक्या देशातली बाई आमच्या सेनेबद्दल का लिहिते, असे तुम्हाला वाटेल. म्हणून आधी माझा संबंध सांगते.

ऐंशीच्या दशकात मी तुमच्या देशातल्या एका मुलींच्या सरकारी निवासी शाळेत गणित शिकवत होते. 1976 साली तुमच्या सरकारने सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू केली, तिच्यातून बाहेर पडलेली मुले माध्यमिक शाळांत यायला लागली आणि शिक्षक अपुरे पडले. तेव्हा भारतातून जे शिक्षक आले, त्यांच्यातली मी एक. मी होते तेव्हा केब्बी हे वेगळे राज्य नव्हते. तो सगळा मुलूख सोकोटो राज्यात होता, 1991 साली तो वेगळा झाला. मुली मला ‘मालमा’ म्हणत. हौसा भाषेत बाईंना तसेच हाक मारतात. सुट्टी संपली की खेड्यापाड्यांतून बाप आपल्या लेकीला घेऊन येत. लॉरीच्या टपावरून पत्र्याची पेटी उतरायची, बादली उतरायची, शेंगदाण्याच्या कुली-कुलीची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली जायची. त्या काळी त्या भागात वयात आलेली मुलगी लग्न न करता शाळेत ठेवायची म्हणजे बापाला भावकीची बोलणी खावी लागत. ती खाऊन तो माणूस दाराशी उभा राहायचा आणि एवढेच म्हणायचा की मालमा, आता ही तुमच्या हवाली.

त्या मुलींपैकी काहींशी माझा संबंध अजून आहे. एकीची नात केब्बीत वसतिगृहात राहून शिकत होती. मागाच्या घटनेनंतर तिला घरी आणले. ती परत जाईल की तिचे लग्न लावून देतील, याची मला रोज काळजी वाटते. दुसरीचा मुलगा सैनिक आहे, अतिरेक्यांशी लढाई चालू असलेल्या ईशान्येकडच्या बोर्नो राज्यात असतो. त्याच्या आईचा निरोप दोन दिवस आला नाही की माझा जीव वर-खाली होतो. हा माझा संबंध आहे आणि तो मला पुरेसा वाटतो.

हे पत्र मराठीत प्रसिद्ध करण्याचे कारण वेगळे आहे. लागोससारख्या शहरांत मराठी कुटुंबे राहत आली आहेत आणि तिथल्या सुरक्षेशी त्यांचा थेट संबंध आहे. शिवाय तुमची सेना घडवण्यात भारताचा हात आहे. कडूनाच्या नायजेरियन डिफेन्स अकादमीची स्थापना 1964 साली झाली, तेव्हा तिचे पहिले कमांडंट ब्रिगेडियर एम. आर. वर्मा हे भारतीय अधिकारी होते आणि प्रशिक्षकांचे पथकही इथून गेले होते. तुमचे माजी राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी 1973 साली आमच्याकडे वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकले. मैत्रीचा हक्क असतो, तसे मैत्रीचे कर्तव्यही असते. त्या कर्तव्यापोटी काही स्पष्ट बोलते.

आमच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. भारतात संरक्षण दलप्रमुखाचे पद 2019 साली निर्माण झाले आणि त्या पदाकडे तिन्ही दलांच्या लढाईची प्रत्यक्ष कमान नाही. नायजेरियात हे पद 1980 पासून आहे. लेफ्टनंट जनरल अलानी अकिनरिनादे हे पहिले. पुढे लष्करी राजवटीत या पदाचे वजन इतके वाढले की साऱ्या देशाच्या नशिबाची दोरी त्याच्याशी बांधली गेली. सानी अबाचा 1990 पासून संरक्षण दलप्रमुख होते आणि नोव्हेंबर 1993 मध्ये त्यांनी सत्ता हाती घेतली. जून 1998 मध्ये अबाचा वारले तेव्हा दलप्रमुख अब्दुलसलामी अबुबकर राष्ट्रप्रमुख झाले. त्यांनी मात्र 29 मे 1999 रोजी सत्ता लोकनियुक्त सरकारच्या हाती दिली. त्याबद्दल त्यांचे नाव आदराने घ्यायला हवे.

तेव्हापासून हे पद 1999 च्या राज्यघटनेच्या आणि सशस्त्र दलांच्या कायद्याच्या चौकटीत आहे. सेनेच्या वापराचा अंतिम अधिकार राष्ट्राध्यक्षांचा. ते दैनंदिन वापराची जबाबदारी सोपवू शकतात : सर्व सशस्त्र दलांची संरक्षण दलप्रमुखाकडे, आणि एकेका दलाची त्या त्या दलाच्या प्रमुखाकडे. माझ्या सगळ्या तक्रारींचे मूळ इथे आहे. दोघांकडेही सोपवता येते, म्हणून काही बिनसले की कोणालाच धरता येत नाही. गणवेशातला सर्वांत मोठा माणूस देशापुढे उभा राहून ‘याला मी जबाबदार’ असे म्हणत नाही, आणि त्याला तसे म्हणायला लावण्याचा अधिकार ज्यांना आहे ते तुम्ही, तो वापरत नाही.

आता तक्रारी. पहिलीवर मी जास्त बोलणार आहे, कारण ती शाळेची आहे.

मागाच्या शाळेवर हल्ला होणार याची खबर आधी होती. तिथे सैनिक ठेवलेही होते. पण त्या पहाटे ते निघून गेले आणि थोड्याच वेळात हल्लेखोर आले. हे मी म्हणत नाही, केब्बीचे राज्यपाल नासिर इद्रिस यांनी जाहीरपणे म्हटले आणि विचारले की सैनिकांना माघारी बोलावण्याचा हुकूम कोणी दिला. राज्याचा प्रमुख हा प्रश्न वार्ताहरांसमोर विचारतो, याचाच अर्थ त्याला ते सरळ विचारायला दुसरी जागा नव्हती. मुली आठवड्याभरात परत आल्या, पापिरीची मुलेही डिसेंबरात टप्प्याटप्प्याने आली, त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. पण सुटका झाली म्हणून प्रश्न मिटत नाही. एक शिक्षक आपल्या विद्यार्थिनींसाठी जिवाला मुकला. त्याच्या घरच्यांना या प्रश्नाचे उत्तर मिळायलाच हवे.

आणि हे पहिल्यांदा घडलेले नाही, याचा मला जास्त संताप आहे. 19 फेब्रुवारी 2018 रोजी योबे राज्यातल्या दापची गावातून 110 मुली नेल्या गेल्या. त्या वेळीही राज्यपाल इब्राहिम गैदाम यांनी सांगितले होते की गावातले सैनिक हल्ल्याच्या आधीच हलवले होते. लष्कराने खुलासा केला की आम्ही गावाचा ताबा पोलिसांकडे दिला. पोलिसांनी जाहीर केले की असा ताबा आम्हाला कोणी दिलाच नाही. दोन्ही गणवेश एकाच सरकारचे. ताबा दिला असेल तर त्याचा कागद असला पाहिजे, घेतला असेल तर त्यावर सही असली पाहिजे. पाच मुली त्या प्रकरणात मेल्या. बहुतेक जणी महिन्याभरात परत आल्या. एकीने धर्म सोडायला नकार दिला म्हणून तिला सोडले नाही. दापचीत जो प्रश्न अनुत्तरित राहिला, तोच सात वर्षांनी मागात उभा राहिला. मधल्या काळात तीन संरक्षण दलप्रमुख बदलले. शाळेजवळचा पहारा कोण काढू शकतो, कोणाच्या सहीने आणि त्याची खबर मुख्याध्यापकाला कोण देणार, एवढा साधा नियम एकाही दलप्रमुखाच्या काळात लोकांपुढे आला नाही.

दुसरी तक्रार शब्दाची आहे. 14 एप्रिल 2014 च्या रात्री बोर्नोतल्या चिबोक गावच्या शाळेतून 276 मुली नेल्या गेल्या. दोनच दिवसांत संरक्षण मुख्यालयाने जाहीर केले की आठ सोडून बाकी सगळ्या सुटल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकेने ते खोटे असल्याचे सांगितले आणि मुख्यालयाला शब्द मागे घ्यावे लागले. मे महिन्यात तेव्हाचे दलप्रमुख एअर चीफ मार्शल अलेक्स बदेह यांनी सांगितले की मुली कुठे आहेत ते आम्हाला ठाऊक आहे. ऑक्टोबरच्या 17 तारखेला त्यांनीच, मुलींना पळवणाऱ्या बोको हराम या अतिरेकी संघटनेशी शस्त्रसंधी झाल्याची घोषणा केली, मुली सुटणार अशी आशा देशभर पसरली. शस्त्रसंधी झालीच नाही. मुलीही आल्या नाहीत. पुढे काही जणी सुटल्या, 2016 आणि 2017 मध्ये वाटाघाटींतून शंभराहून अधिक परत आल्या. 80 हून अधिक मुली अजूनही घरी नाहीत.

त्या तीन निवेदनांनी चिबोकच्या आयांचे काय झाले असेल, याचा विचार करा. सेनेच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचा शब्द म्हणजे देशाचा शब्द. लेक सापडली म्हणून ज्या बाईने चूल पेटवून वाट पाहिली, तिला पुन्हा कोणत्या तोंडाने सांगायचे की सरकारवर विश्वास ठेव? आणि अकरा वर्षांनी पुन्हा तेच. नोव्हेंबर 2025 मध्ये बोर्नोत ब्रिगेडियर जनरल मूसा उबा यांच्या तुकडीवर हल्ला झाला. त्यांना पकडल्याची बातमी पसरली तेव्हा लष्कराने ती नाकारली. नंतर कळले की अतिरेक्यांनी त्यांना ठार मारले, आणि राष्ट्राध्यक्षांनाच ते जाहीर करावे लागले. देशासाठी प्राण देणाऱ्या अधिकाऱ्याच्या बाबतीतही खरे आधी शत्रूकडून कळले. याचा त्रास मला, एका परक्या बाईला होतो. तुमच्या सैनिकांच्या घरांत काय होत असेल?

तिसरी तक्रार त्या सैनिकांच्याच वतीने करते. सप्टेंबर 2014 मध्ये 12 आणि डिसेंबर 2014 मध्ये 54 सैनिकांना बंडाच्या आरोपाखाली मृत्युदंड सुनावला गेला. पुरेशी शस्त्रे नसताना लढायला पाठवतात, हे त्यांचे म्हणणे होते. पुढे बहुतेकांची शिक्षा कमी झाली. पण 30 जुलै 2015 रोजी, निरोपाच्या संचलनात, त्या काळात दलप्रमुख असलेल्या बदेह यांनी स्वतःच सांगितले की आपण ज्या सेनेचे नेतृत्व केले तिच्याकडे लढण्यासाठी योग्य साधनेही नव्हती आणि उमेदही नव्हती. शिपायाने रणांगणावर हे म्हटले तर मृत्युदंड आणि सर्वोच्च अधिकाऱ्याने निवृत्तीच्या दिवशी म्हटले तर भाषण! बदेह यांच्यावर नंतर भ्रष्टाचाराचा खटला चालला, आणि निकाल लागण्याआधीच 2018 साली रस्त्यात त्यांची हत्या झाली. गेलेल्या माणसावर मला आरोप करायचे नाहीत. माझा आरोप त्या व्यवस्थेवर आहे जिच्यात दलप्रमुखाला पदावर असताना संसदेपुढे हे सांगता आले नाही, आणि संसदेनेही त्याला विचारले नाही. त्याने वेळेवर सांगितले असते, तुम्ही वेळेवर विचारले असते, तर कदाचित त्या 54 जणांच्या हातात वेळेवर बंदुका पडल्या असत्या.

बोर्नोतला तो मुलगा, माझ्या विद्यार्थिनीचा, त्याच सेनेत आहे.

चौथी तक्रार नेमणुकीची आणि बडतर्फीची. ही सरळ तुमच्याविरुद्धच आहे. दलप्रमुखांच्या नेमणुकीला संसदेची मान्यता लागते, हे 1 जुलै 2013 रोजी अबुजाच्या संघीय उच्च न्यायालयाने फेस्टस केयामो यांच्या दाव्यात ठणकावून सांगितले. हा हक्क तुम्हाला एका नागरिकाने कोर्टात जाऊन मिळवून दिला. तो तुम्ही कसा वापरलात? बुहारी यांनी जुलै 2015 मध्ये नेमलेले दलप्रमुख जनरल गेब्रियल ओलोनिसाकिन आणि त्यांचे सहकारी जानेवारी 2021 पर्यंत, साडेपाच वर्षे, पदावर राहिले. सिनेटने 2020 साली त्यांनी पायउतार व्हावे असा ठराव केला. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने तो हा आमचा अधिकार आहे म्हणून बाजूला ठेवला. अखेर ते गेले, आणि महिन्याभरात त्याच सिनेटने त्यांना राजदूत म्हणून मान्यता दिली. ज्यांना जबाबदारी पेलली नाही असे तुम्ही ठरावाने म्हणता, त्यांनाच देशाचे प्रतिनिधी म्हणून परदेशी पाठवता. मग ठराव कशासाठी केला होता?

आणि उलट बाजूही आहे. दलप्रमुख बदलला की त्याच्याहून ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी निवृत्त व्हायचे अशी तुमच्याकडे रीत आहे. 2023 मध्ये हे झाले. ज्या अनुभवी जनरलांच्या शिक्षणावर देशाने तीस-पस्तीस वर्षे खर्च केला, ते एका आदेशाने घरी बसतात, बोर्नोची वाट नव्याने शिकणारे त्यांच्या जागी येतात. बदल हवा तर करा, पण कारण सांगून करा. कारण लिहून द्यावे लागेल हे ठाऊक असले की नेमणारा माणूसही दहा वेळा विचार करतो. मान्यतेच्या सुनावणीत मोलाचे प्रश्न बंद दाराआड विचारण्याची तुमची पद्धतही मला मान्य नाही. सैन्याच्या हालचाली गुप्त ठेवा, त्यात कोणाचे दुमत नाही. पण शाळेवरचा पहारा कोण काढू शकतो, हा प्रश्न गुप्त कसा?

पाचवी तक्रार थोडक्यात, पण ती लहान नाही. 17 जानेवारी 2017 रोजी बोर्नोतल्या रान गावी निर्वासितांच्या छावणीवर तुमच्याच हवाई दलाचे बाँब पडले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. 3 डिसेंबर 2023 रोजी कडूनाजवळ तुदुन बिरी इथे धार्मिक कार्यक्रमाला जमलेल्या गावकऱ्यांवर लष्कराच्या ड्रोनने हल्ला केला, त्यात किमान 85 जण गेले. चूक झाली, असे सांगण्यात आले. तुदुन बिरीनंतर काही अधिकाऱ्यांवर लष्करी कारवाईची घोषणाही झाली. पण दोन वेगवेगळ्या दलांकडून झालेल्या या चुकांमागे एकच प्रश्न आहे : तिन्ही दलांना एकमेकांची माहिती मिळते का आणि हल्ल्याआधी ती तपासण्याची जबाबदारी सर्वांत वरच्या माणसाची आहे की नाही? संयुक्त मोहिमांसाठीच तर दलप्रमुखाचे पद आहे.

मला माहीत आहे, तुमच्यातले काही म्हणतील की सेनेला फार प्रश्न विचारले तर तिचे मनोधैर्य खचते आणि असंतोष वाढतो. पश्चिम आफ्रिकेत आज ही भीती खरी आहे. माली, गिनी, बुर्किना फासो, तुमच्या उत्तरेचा शेजारी नायजर, एकापाठोपाठ एक देश लष्कराच्या हाती गेले. 7 डिसेंबर 2025 रोजी बेनिनमध्ये बंडाचा प्रयत्न झाला तेव्हा तुमची विमाने तिथल्या लोकनियुक्त सरकारच्या मदतीला गेली. सिनेटने दोन दिवसांत सैन्य पाठवायला संमती दिली. म्हणजे ठरवले तर संसद किती झटपट काम करू शकते, ते साऱ्या जगाने पाहिले. मी तुमच्या देशात असताना 31 डिसेंबर 1983 ला रेडिओवर संचलनाचे संगीत वाजले आणि सरकार गेले. मग ऑगस्ट 1985 मध्ये पुन्हा गेले. बाजारात लोकांना रांगेत उभे करणारे, हातात चाबूक घेतलेले सैनिक मी पाहिले आहेत. माझ्या मुली वर्गात खिडकीपासून दूर बसायच्या. त्या दिवसांकडे परत जावे असे मला चुकूनही वाटत नाही, म्हणूनच सांगते की ज्या सेनेला लोकनियुक्त सभागृहात उत्तर द्यायची सवय असते, तिच्या छावणीत बंडाची भाषा रुजत नाही. आणि ज्या सैनिकाला आपल्या वतीने सर्वोच्च अधिकारी संसदेत शस्त्रे मागतो आहे हे दिसते, त्याचे मनोधैर्य वाढते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

मागाच्या शाळेवरून सैनिक हटवण्याचा हुकूम कोणी, कधी, कोणत्या कारणाने दिला, हे संरक्षण दलप्रमुखांनी सभागृहात नावानिशी आणि हुद्द्यानिशी सांगावे. दापचीचा ताबा कोणाकडे दिला होता, त्याचे कागदही त्याच वेळी मांडावेत.

धोक्याची खबर असलेल्या शाळेवरचा पहारा लेखी हुकमाशिवाय काढता येणार नाही, असा कायदा करा. त्या हुकमावर अधिकाऱ्याची सही हवी, जागा घेणाऱ्या दलाची पोच हवी, आणि मुख्याध्यापकाला व राज्यपालाला आधी कळवलेले हवे.

संरक्षण दलप्रमुखाने दर तीन महिन्यांनी दोन्ही सभागृहांच्या संरक्षण समित्यांपुढे हजर राहावे. मोहिमेची गुपिते वेगळ्या बैठकीत ऐका, बाकी सगळे उघड, रेडिओवरून, हौसा, योरुबा, इग्बो भाषांतही. संरक्षण मुख्यालयाने दिलेली माहिती खोटी निघाली तर ती कोणी दिली आणि का, हे पुढच्या बैठकीत सांगितलेच पाहिजे.

सशस्त्र दलांच्या कायद्यात दुरुस्ती करा. एकाहून अधिक दले गुंतलेल्या प्रत्येक मोहिमेत अंतिम लष्करी जबाबदारी संरक्षण दलप्रमुखाची, असे एका वाक्यात लिहा. त्याची मुदत ठरवून द्या. मुदतीआधी काढायचे तर राष्ट्राध्यक्षांनी दोन्ही सभागृहांना लेखी कारण द्यावे. पायउतार होताना त्याने सेनेच्या स्थितीचा अहवाल तुम्हाला सादर करावा, म्हणजे बदेह यांना जे संचलनात सांगावे लागले ते यापुढे वेळेवर सभागृहात येईल.

रान आणि तुदुन बिरीच्या चौकशीचे अहवाल पटलावर ठेवा आणि मृतांच्या वारसांना मिळालेल्या भरपाईची यादी त्यांना जोडा.

या पत्राची इंग्रजी प्रत दोन्ही सभागृहांच्या संरक्षण समित्यांकडे टपालाने पाठवली आहे. भारतात हे वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे की तुमच्या ओळखीचे कोणी नायजेरियात असेल, तर त्याच्यापर्यंत हे पोहोचवा आणि त्याला ते आपल्या भागाच्या सिनेटरकडे नेऊन द्यायला सांगा. 2027 च्या निवडणुका जवळ येत आहेत, तेव्हा ते मतदारांसमोर येतीलच.

मला स्वतःला उत्तर पाठवण्याची गरज नाही. पहिल्या मागणीचे उत्तर तुम्ही मागाच्या पालकांना द्या, हौसा भाषेत द्या, आणि ते आपल्या मुलींना पुन्हा वसतिगृहात आणून सोडण्याच्या आधी द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका
पुणे